जन्मजात दूरदृष्टी

गुन्हा घडल्यावर तपास करणे हा आळशी सरकारांचा उद्योग. दूरदर्शी सरकार गुन्हेगार जन्मतानाच नोंदवून ठेवते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हे सिद्ध केले: पुरावा नको, साक्षीदार नको, जन्म पुरे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अख्खी वसाहत, वर हजेरी. १९५२ साली कायदा रद्द होऊन जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण अनुभव वाया जाऊ नये म्हणून राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले. आता जन्म नव्हे, सवय पाहतात. तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांवर जाते, तो योगायोग.

काही शंकेखोर विचारतात, ज्याला घर नाही, दाखला नाही, काम नाही, त्याने जगावे कसे? अर्ज चुकीच्या खात्यात आला. हे गृहखाते आहे. शिवाय काम मिळू दिले नाही, तर संशयित कुठे सापडेल हे कायम ठाऊक राहते. अडचण एवढीच, की जन्माचा हाच नियम निःपक्षपणे लावला तर बँका बुडवणाऱ्यांची तान्ही बाळेही हजेरीला आणावी लागतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले: विमुक्तांना मनमानी अटक करू नका. स्वातंत्र्याला तेव्हा ७७ वर्षे झाली होती.