नवटाक चहा

“काकू, कळलं का? नाक्यावरचे अण्णा गेले.”

“कळलं की गं. बाजाराचा दिवस आणि दुकानाला फळ्या! तेव्हाच मनात चर्र झालं. दहिवडीत बाजारादिवशी ते दुकान बंद असं कधी झालंय? तरी पिकलं पान होतं म्हणा.”

“आमच्या सासूबाई नाव काढायच्या त्यांचं.”

“काढणारच. १९६२च्या एप्रिलात शेर बंद झाले, किलो आले. अण्णा तेव्हा नुकते गल्ल्यावर बसायला लागलेले. म्हाताऱ्यांना ते ग्रॅम काही उमजेनात. माझी आजी शेवटपर्यंत ‘नवटाक चहा दे’ म्हणायची. शेर ९३३ ग्रॅमचा, नवटाक त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे भरते ११७. दुसरे सरळ शंभराची पुडी बांधून पैसे नवटाकाचे घ्यायचे. अण्णा शंभर, वीस आणि पाचची वजनं टाकून सव्वाशे द्यायचे. आणि पुडीला जेवढा कागद, तेवढाच कागद वजनाच्या पारड्यात आधी ठेवायचे. कागदाचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारलं नाही कधी.”

“अगदी साधूच!”

“साधू कसला, पक्का वाणी! नवं पोतं आलं तरी जुना रवा आधी खपवायचे. आमच्या ह्यांनी विडीबंडल उधार मागितलं की पाटीकडे बोट. ‘आज रोख, उद्या उधार’. त्याच पाटीखाली उधारीची वही असायची. ज्वारी, तेल, मीठ वहीवर. विडी-तंबाखू मात्र रोख.”

“हे बाकी बरोबर केलं.”

“१९७२चा दुष्काळ तू नाही पाहिलास. मी फ्रॉकातली. सगळा माण तालुका खडी फोडत होता. रेशनला तो लाल मिलो, अमेरिकेतला. भाकरी थापायला घेतली की चिराच पडायच्या. कामाचा पगार वेळेवर हातात पडेल तर शपथ! तोवर चूल वहीवर. आई पिशवी देऊन मलाच पाठवायची, स्वतः जायची लाज वाटायची. चार माणसांत ‘उधार’ हा शब्द अण्णांनी मला कधी उच्चारू दिला नाही. पिशवी भरायचे आणि मुठीत लिमलेटची गोळी कोंबायचे. आईनं एकदा वही बघून घेतली, गोळी कुठं लिहिलेली नव्हती.”

“मग बुडवलं नाही कुणी?”

“बुडवलं की. पण अण्णाही सोडायचे नाहीत हं. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन, त्याआधी घरोघरी निरोप. आमचे आबा दोन दिवाळ्या मागच्या गल्लीनं जात होते. एकदा अण्णाच आडवे आले, म्हणाले, ‘आबा, पैशाचं बघू, पण एवढा वळसा कशाला घालता? गुडघे दुखतात ना तुमचे?’ दुसऱ्या दिवशी आबा निम्मी बाकी देऊन आले!”

“आता मुलगा म्हणतोय, वहीतलं मागायला जाणार नाही कुणाकडे.”

“तो नाही मागायचा. तुझं काही आहे का?”

“शेंगदाणे नि गुळाचे राहिलेत हो.”

“माझेही तेलाचे आहेत. तेराव्याच्या आत जाऊन येऊ दोघी. आणि सुटे घे बरोबर, नाहीतर ‘राहू द्या, नंतर बघू’ म्हणेल. बापाचाच लेक तो.”