चा आणि चाय

पंजाबातल्या भाविकांची गाडी नर्सीत थांबली, की आमच्याकडचा प्रत्येक माणूस हिंदी बोलायला लागतो. ही हिंदी कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. निम्मी निजामाच्या काळापासून मुक्कामाला असलेली दखनी, उरलेली दूरदर्शनवरच्या महाभारतातली. त्यामुळे ‘काइकू’च्या शेजारी अचानक ‘कृपया’ येऊन बसतं. समोरच्या सरदारजींची हिंदीही त्यांच्या घरातली नसतेच. दोघंही पाहुण्याच्या कपड्यांत.

नांदेडला हुजूर साहिबचं दर्शन झालं, की ही मंडळी हिंगोलीजवळच्या नर्सीकडे वळतात. आपले नामदेव महाराज ते त्यांचे भगत नामदेव. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, आणि जन्मगाव म्हणून नर्सीला गुरुद्वाराही आहे. भक्तीत काही अडत नाही. अडतं ते टपरीवर.

स्लोव्हेनियातल्या माणसाला मादागास्करात चहा मागायचा, तर मोबाइलमधलं भाषांतर म्हणे मध्ये इंग्रजीत मुक्काम करून पुढं जातं. आमच्याकडे तो मुक्काम हिंदीत पडतो. सरदारजी घरी ‘चा’ म्हणतात. टपरीवालाही घरी ‘चा’च म्हणतो. पण समोरासमोर आले की एक ‘चाय’ मागतो, दुसरा ‘चाय’ देतो, आणि आपण परभाषेत निभावून नेलं म्हणून दोघंही खूश!

मग साखरेचा प्रश्न. “शक्कर कम डालू क्या?” पंजाबात शक्कर म्हणजे गुळाची भुकटी. गुळाचा चहा मिळणार म्हणून आजोबांचा चेहरा खुलतो. “कम क्यों? ज्यादा डालो!” टपरीवाला चार चमचे साखर ओततो. पहिल्या घोटानंतर आजोबा कपाकडे असे बघतात, की टपरीवाला आणखी एक चमचा घालायला सरसावतो.

एकदा तर भांडणच होता होता राहिलं. पंजाबातल्या माझा-गुरदासपूर भागातल्या बोलीत थोरल्या भावाला ‘भाजी’ म्हणतात, पण तो ‘भ’ आपल्या कानाला ‘प’ लागतो. सरदारजींनी प्रेमानं हाक मारली, “पाजी!” टपरीवाला माझ्याकडे वळला, “मला पाजी कामून म्हणायलेत हो हे? म्या काय केलं?” म्हटलं, भाऊ म्हणायलेत. “मंग भाऊ म्हणा की!” ‘पाजी’ऐवजी ‘भाजी’ ऐकू आलं असतं तर त्यानं पुढ्यात मिरची-भज्यांची ताटली ठेवली असती, इतकंच.

नामदेवांनाही ही मधली भाषा लागलीच. पंजाबात घुमानला राहिले तेव्हा तिथल्या लोकांना कळेल असं रचलं, पण त्यातही आपले ‘चे’, ‘ची’ अधूनमधून राहू दिले. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यातही ते शाबूत राहिले. (संपादक आपल्याकडचे असते तर पहिली लाल शाई त्यांच्यावरच पडली असती.) 2015 साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आपल्या साहित्यिकांनी तिथं ‘चा’ मागितला की ‘चाय’, याचा शोध एखाद्या पीएचडीवाल्यानं घ्यायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं बिनचूक जमतं. परतायची वेळ झाली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आजोबा ओरडले, “आया जी!” त्याच वेळी टपरीवाल्याला घरून हाक आली. तो म्हणाला, “आलोच!” आणि दोघांसाठी आणखी एकेक कप भरला.