पराभवानंतर बिघडणारे यंत्र

वाशिम जिल्ह्यातील मतदान यंत्रांच्या प्रामाणिकपणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास आरंभीच एक विलक्षण गुणधर्म आढळतो, तो असा की ही यंत्रे एका निवडणुकीत सचोटीची असतात, पुढच्या निवडणुकीत बेइमान होतात, आणि हा पालट कोणत्या तालुक्यात घडेल हे निकाल लागेपर्यंत कोणत्याही तज्ज्ञास सांगता येत नाही. १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ असून त्यांपैकी वाशिम व कारंजा हे यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात मोडतात, तर रिसोड अकोल्याच्या पदरात पडते. जून २०२४ मध्ये यवतमाळ-वाशिममधून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे संजय देशमुख आणि अकोल्यातून भाजपचे अनुप धोत्रे विजयी झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मात्र वाशिम व कारंजा भाजपकडे गेले आणि रिसोड काँग्रेसने राखले. जेथे हरलो तेथे यंत्र बिघडलेले, हा विरोधकांचा सिद्धान्त काटेकोरपणे लावायचा झाल्यास पाच महिन्यांत वाशिम-कारंज्याची यंत्रे बिघडली आणि त्याच अवधीत रिसोडची दुरुस्त झाली, असे मानावे लागते. या दुरुस्तीबद्दल मात्र कोणी आभार मानल्याचे ऐकिवात नाही.

सत्ताधाऱ्यांची निदानपद्धती याहून वेगळी नाही, फक्त त्यांचा रोगी वेगळा आहे. जूनमधील पराभवाचे खापर त्यांनी यंत्रावर न फोडता ‘फेक नॅरेटिव्ह’ नावाच्या, दिसत नसलेल्या पण सर्वत्र संचार करणाऱ्या तत्त्वावर फोडले, आणि नोव्हेंबरात ते तत्त्व एकाएकी निष्प्रभ झाल्याचे जाहीर केले. सत्ताधाऱ्यांतील भाजपला यंत्रावरील संशयाचे वावडे पहिल्यापासून होते असेही नव्हे. २००९ च्या पराभवानंतर याच यंत्रांविषयी शंका घेणारे पुस्तक २०१० मध्ये भाजपचेच जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी लिहिले होते आणि त्याला प्रस्तावना लालकृष्ण अडवाणी यांची होती. त्या काळी यंत्राचे वकीलपत्र काँग्रेसकडे होते. पुढे दोन्ही पक्षांनी वकीलपत्रांची अदलाबदल केली, आणि कागदपत्रे तीच असल्यामुळे कोणालाच नव्याने अभ्यास करावा लागला नाही.

या वादातील मुख्य पात्राची ओळख येथे करून देणे आवश्यक आहे. मतदान यंत्राचे मूळ भाग दोन: मतदार ज्याचे बटण दाबतो ते बॅलेट युनिट आणि मते साठवणारे, केंद्राध्यक्षाजवळ ठेवलेले कंट्रोल युनिट. त्यांना २०१३ पासून तिसरा भाग जोडला जाऊ लागला, तो व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी काचेआड सात सेकंद दाखवून ती पेटीत टाकणारे उपकरण. चिठ्ठी दिसते, म्हणून मतदाराचे समाधान होते. पण मोजले जाते ते कंट्रोल युनिटमधील मत, आणि चिठ्ठ्या मोजायच्या त्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील शेकडो केंद्रांपैकी सोडत काढून निवडलेल्या फक्त पाच केंद्रांच्या. आधी हे केंद्र एकच होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ते पाचावर नेले. निम्म्या चिठ्ठ्या मोजाव्यात ही विरोधकांची मागणी होती, तिला केंद्रीय निवडणूक आयोगाने दिलेले उत्तर असे की तसे केल्यास निकालाला पाच-सहा दिवस उशीर होईल. हे उत्तर वाचकाने ध्यानात ठेवावे.

पाच हा आकडा निकालातील फरकाकडे ढुंकूनही पाहत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय. यवतमाळ-वाशिममध्ये नव्वद हजारांहून अधिक मतांनी निकाल लागला तेथेही प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रे, आणि मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले तेथेही पाचच. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर वापरात आणलेल्या पडताळणीत नमुन्याचा आकार फरकावरून ठरतो. चुरस जितकी अधिक तितके कागद अधिक तपासले जातात, आणि नमुन्याने समाधान झाले नाही तर मोजणी वाढत जाऊन सर्व कागदांपर्यंत पोहोचते. आपल्याकडे समता हे घटनात्मक मूल्य असल्याने ४८ आणि ९० हजार यांत भेदभाव केला जात नाही.

२६ एप्रिल २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातील मतदार उन्हात रांगा लावून लोकसभेचे मतदान करीत असताना, नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत न्यायमूर्ती संजीव खन्ना व दीपांकर दत्ता यांच्या पीठाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्याच निकालाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवारास निकालानंतर सात दिवसांत, स्वखर्चाने, विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांतील मायक्रोकंट्रोलर तपासून घेण्याची मुभा दिली. आयोगाने या तपासणीचा दर प्रत्येक यंत्रसंचामागे ४० हजार रुपये अधिक १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ४७ हजार २०० रुपये, असा ठरविला. संशय ही करपात्र सेवा असल्याचे त्यामुळे प्रथमच अधिकृतपणे सिद्ध झाले. यंत्र दोषी आढळल्यास रक्कम परत मिळण्याची सोय होती, आणि मतदार हा कोणत्याच क्रमांकावर नसल्याने त्याच्या संशयाचा दर ठरविण्याचा प्रसंगच आला नाही. या तपासणीत यंत्रावर अभिरूप मतदान, म्हणजे लुटुपुटीचे मतदान, घेतले जाई. ज्या मतांबद्दल शंका होती ती पुसून ज्यांच्याबद्दल कोणालाच शंका नाही अशी मते मोजून दाखविण्यात काय साधते, असा आक्षेप आला, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मूळ माहिती पुसू नका आणि शुल्कही जास्त आहे, असे सांगावे लागले.

याउलट वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवत नाही, तेच दाणे दुसऱ्या व्यापाऱ्याकडे नेऊन पुन्हा मोजून घेतो, आणि त्यासाठी त्याला कोणी विज्ञानाचा शत्रू ठरवीत नाही की अनामत मागत नाही. हमीभावाच्या खरेदीत चालणारा ओलावा बारा टक्क्यांवरून पंधरावर गेला तो २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या तोंडावर, हा भाग वेगळा. आकडे निवडणुकीने बदलतात की निवडणूक आकड्यांनी, हा प्रश्न येथे अलाहिदा ठेवणे बरे.

संशय घेणाऱ्यांनीही आपल्या कामात फारशी शिस्त दाखविलेली नाही. मुंबई वायव्यच्या मोजणीनंतर मोबाइलवर आलेल्या ओटीपीने मतदान यंत्र उघडल्याची बातमी राज्यभर चवीने वाचली गेली. यंत्राला ओटीपी लागतच नाही, तो लागतो मोजलेले आकडे भरण्याच्या संगणक प्रणालीला, हा खुलासा मात्र कोणाच्याच कामाचा नसल्याने कोणी वाचला नाही. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीने ३ डिसेंबर २०२४ रोजी विधानसभेचे फेरमतदान मतपत्रिकांवर स्वतःच घेण्याचे ठरविले, आणि त्यामागे उभे असलेले उत्तम जानकर हे माळशिरसमधून त्याच यंत्रांवर निवडून आले होते, ही या क्षेत्रातील दुर्मीळ निःस्वार्थता म्हणावी लागेल. शेजाऱ्यांच्या देखत, निकाल माहीत झाल्यावर केलेले ते मतदान पुरावा म्हणून कुचकामी ठरले असते. प्रशासनाने ते होऊ दिले असते तर ते दोन दिवसांत विसरलेही गेले असते; पण जमावबंदी लागू करून पोलीस उभे केले गेले, आणि कुचकामी पुराव्याला जी प्रतिष्ठा गावकऱ्यांना देता आली नसती ती शासनाने दिली.

खरी चूक कोठे होऊ शकते याचा धडा हरियाणातील बुआना लाखू या गावाने दिला. तेथील सरपंचपदाच्या २०२२ च्या निवडणुकीतील यंत्रे २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात आणून मोजली गेली आणि जिंकलेला हरला, हरलेला जिंकला. यंत्रांत बिघाड नव्हता. एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे माणसाने उलटसुलट लिहिले होते. यंत्राच्या वादातील दोन्ही पक्षांना हा निकाल गैरसोयीचा असल्यामुळे त्याची चर्चा जेमतेम झाली, वास्तविक यंत्राची अब्रू वाचली ती त्याच्यावर विश्वास ठेवल्याने नव्हे तर फेरमोजणी झाल्याने. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये याहून पुढे जाऊन म्हटले होते की मोजणीचे मुख्य टप्पे विशेष ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकास तपासता आले पाहिजेत; ते तपासता येत नव्हते म्हणून तेथील मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरली, त्यांत घोटाळा झाल्याचे कोणी सिद्ध केले नसतानाही.

आता डिसेंबर २०२५ मधील महाराष्ट्राकडे वळावे. नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका केंद्राचा आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्या आयोगाने एका मतदाराला अनेक मते द्यावी लागतात या कारणाने व्हीव्हीपॅट लावण्यास असमर्थता दर्शविली होती. म्हणजे नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागातील सदस्यांसाठी आणखी मते देणाऱ्या मतदाराला अधिक मतांच्या बदल्यात चिठ्ठी सोडावी लागली. मतदान २ डिसेंबरला आणि मोजणी ३ डिसेंबरला ठरली होती, परंतु उमेदवारी अर्जांवरील अपिलांमुळे काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेले, त्यांत वाशिम नगरपरिषदही होती. आधीच्या निकालाची छाया नंतरच्या मतदानावर पडू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व मोजणी २१ डिसेंबरला करण्याचा आदेश दिला. अशा रीतीने वाशिम शहराचे मन निर्मळ राहावे यासाठी कारंजा, मंगरूळपीरची मते एकोणीस रात्री स्ट्राँगरूममध्ये राहिली, आणि राज्यभर कार्यकर्त्यांनी थंडीत गोदामांबाहेर पहारे दिले. कंट्रोल युनिट अगोदरच बंद व मोहोरबंद असल्याने त्या रात्रींत मतांमध्ये भर पडण्याचा प्रश्न नव्हता. पण बाहेर बसलेल्यांना कुलपाखेरीज तपासण्यासारखे दुसरे काही दिलेले नसल्यामुळे ते कुलूप तपासत राहिले.

निकालाला अठरा दिवस उशीर झाला, तरी नगरपरिषदांचा कारभार कोसळला नाही, कारण तो त्याआधीही कित्येक वर्षे प्रशासकच पाहत होते. पाच-सहा दिवसांत निम्म्या चिठ्ठ्या मोजून होतात असे गृहीत धरले तर एवढ्या अवधीत सर्व चिठ्ठ्या मोजून वर हरलेल्या उमेदवाराच्या समाधानासाठी निम्म्या पुन्हा मोजता आल्या असत्या. फक्त त्या निवडणुकीत चिठ्ठ्याच नव्हत्या.