आरोग्याचे मानद मामलेदार

मुलगा बेंगळुरात संगणकाच्या नोकरीत स्थिरावला, सून त्याहून मोठ्या पगारावर रुजू झाली, आणि सांगलीचे किंवा पुण्याचे बिऱ्हाड आवरून वडिलांना 'हवापालटासाठी' म्हणून जयनगरच्या सदनिकेत आणण्यात आले, की पहिल्या पंधरवड्यातच एक नवे खाते अस्तित्वात येते. या खात्याला सरकारी मंजुरी नसते, अंदाजपत्रक नसते, हाताखाली कारकून नसतो. परंतु ज्या गृहस्थाने उभी हयात दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारण्यात घालविली, त्याचा हात पेन्शनीबरोबर निवृत्त होत नसल्यामुळे, फायलींच्या जागी येणाऱ्याजाणाऱ्यांची शरीरे येतात, इतकाच काय तो फरक. सकाळी सहाच्या सुमारास लालबागेच्या कोणत्याही दारात उभे राहावे. यांपैकी एखादा हटकून आढळतो, आणि न आढळल्यास तोच आपल्याला हुडकून काढतो.

डोक्याला माकडटोपी, अंगात मुलाच्या कंपनीचे नाव छातीवर मिरविणारा सदरा, आणि पायांत नातवाने नापसंत केलेले पांढरेशुभ्र बूट, असा हा वेष असतो. नमस्कार होण्यापूर्वीच त्यांची दृष्टी आपल्या पोटावरून डोळ्यांखालच्या काळिम्याकडे आणि तेथून नखांकडे जाते, व पंचनामा पुरा होताच निकाल मिळतो : "झोप कमी पडते तुम्हांला." निम्मे आयुष्य वाहनांच्या रांगेत काढणाऱ्या या शहरात झोप पुरलेला मनुष्य सापडणेच दुर्मिळ असल्यामुळे हे निदान सहसा चुकत नाही, आणि मामलेदारांची कीर्ती दक्षिण दारापासून पश्चिम दारापर्यंत पसरते.

आपण परमुलखात आलो आहोत, ही भावना मात्र त्यांना शिवत नाही. 1638 साली बेंगळूर विजापूरकरांच्या हाती पडले आणि पुढे शहाजीराजांना जहागिरीदाखल मिळाले, येथपासून ते आरंभ करतात. मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वर देवळाला व्यंकोजीराजांनी 1669 साली दिलेल्या दानाचा शिलालेख पुराव्यादाखल पुढे करतात. आणि 1687 मध्ये मोगलांनी घेतलेले हे गाव म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे अवघ्या तीन लाखांत गेले, याचे दुःख असे काही सांगतात, की त्या व्यवहारात यांचाच भूखंड बुडाला असावा. शहाजीराजांनी हे ठाणे हवेसाठीच पसंत केले असले पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा सिद्धांत आहे. इतिहासकारांनी त्याची अद्याप दखल घेतलेली नाही.

व्यायामाच्या बाबतीत तर त्यांच्यापाशी एक तहनामाच तयार असतो. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजविले. इकडे बेंगळुरात हर्क्युलस व्यायामशाळेचे के. व्ही. अय्यर यांनी 1937 साली सूर्यनमस्कारांवर पुस्तक काढले. आणि त्याच वर्षी कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचा एक अशक्त, क्षयाने व हिवतापाने पोळलेला तरुण पुण्यास योग शिकविण्यासाठी पोहोचला, तो बी. के. एस. अय्यंगार म्हणून जगविख्यात झाला. "आपण नमस्कार दिले, त्यांनी आसने दिली, फिटंफाट!" असे म्हणून मामलेदार बाकावर बसतात. नमस्कार ते स्वतः घालीत नाहीत; गुडघ्यांची कैफियत त्यांनी फार पूर्वीच दाखल करून ठेवलेली आहे.

पुरस्कार मात्र ते वाग्भटाचा करतात. अष्टांगहृदयातल्या दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान आणि तळपाय यांना तेल लावावे, आणि व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे सांगितले आहे. यांतले 'अर्ध्या शक्तीने' हे कलम त्यांनी इतक्या निष्ठेने स्वीकारले आहे, की उरलेल्या अर्ध्या शक्तीचा विनियोग बोलण्याकडे करावा लागतो. प्रौढ माणसाने आठवड्यास किमान दीडशे मिनिटे तरी दमदार चालावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणेही त्यांना ठाऊक असते. कुणी दोन दिवस दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे मिनिटांच्या थकबाकीचा तगादा लागतो.

बागेतल्या खडकावर त्यांचा विशेष लोभ. केंपेगौडाचा बुरूज ज्याच्या माथ्यावर उभा आहे, तो हा पाषाण सुमारे तीनशे कोटी वर्षांचा, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालेला. त्याच्या उतारावर पसरलेल्या कोवळ्या उन्हात सुरकुती म्हणून दिसत नाही. एकदा शेजारच्या बाईंनी, हा कोणती मुलतानी माती लावतो, असा प्रश्न केला, तेव्हा मामलेदार थोडा वेळ खरोखरच विचारात पडले होते.

कांती हे त्यांचे दुसरे खाते. साबणाने त्वचा रुक्ष होते, मसुरीचे पीठ, हळद आणि साय यांवर भागवावे, असे फर्मान त्यांनी बागेतल्या यच्चयावत स्त्रीवर्गास सोडलेले आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरात म्हैसूर संदल साबणाची लंबगोल वडी असते, आणि ती उघडल्यावर शरभाची मुद्रा असलेला रिकामा खोका कपाटात धोतरांच्या घडीत ठेवला जातो. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची परदेशी रवानगी अडली, म्हणून दरबाराने तेलाचा कारखाना काढला आणि 1918 पासून त्याच तेलाचा साबण निघू लागला, हा इतिहास सांगून ते त्या वडीस साबणांच्या यादीतून बाहेर काढतात. ती राजाश्रयाची वस्तू.

सुनेच्या आरशापुढच्या बाटल्यांशी त्यांचा दावा दीर्घकाळ चालला. विशेषतः उन्हासाठी लावण्याचे मलम, येथे ऊन असते कुठे, या मुद्द्यावर त्यांनी फेटाळून लावले होते. सून शांतपणे म्हणाली, "बाबा, गारवा आहे म्हणून किरण कमी आहेत असं नाही. आपण समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर राहतो. जितकं उंच, तितके अतिनील किरण जास्त. ढगांतूनही येतात. आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं." मामलेदारांनी प्रकरण तहकूब केले. दुसऱ्या दिवशी सकाळी, नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका घेऊन, ते खडकाच्या पायथ्याशी चार निवृत्त अभियंत्यांना उंची व अतिनील किरण यांचे त्रैराशिक समजावून देत होते. सुनेचा उल्लेख त्यात नव्हता; तो सरकारी निर्णयात कारकुनाचा नसतोच.

दाराबाहेर कारल्याचा, दुर्वांचा आणि कोहळ्याचा रस विकणाऱ्याशी त्यांचा घरोबा आहे. इतरांना ते पेलाभर पाजवितात, स्वतः नमुन्यादाखल घोटभर घेतात, आणि तेथून पावले वळतात ती लालबाग रस्त्यावरच्या एमटीआरकडे. 1924 पासून चाललेल्या या खानावळीत दुसऱ्या महायुद्धातील तांदळाच्या टंचाईपायी रवा इडली जन्मास आली, असे ती मंडळी सांगतात. मामलेदार तिला 'टंचाईतले अन्न' म्हणून संयमाच्या सदरात घालतात, आणि सोबतच्या वाटीतले पातळ तूप तिच्यावर पूर्णांशाने ओततात. चांदीच्या पेल्यातली कॉफी ही औषधाच्या खाती.

इतके असूनही मनुष्य ठणठणीत आहे, चेहऱ्यावर तकाकी आहे, हे कबूल केले पाहिजे. माझ्या मते याचे श्रेय त्यांनी सांगितलेल्या एकाही उपायाकडे जात नाही. प्रत्येक असामीला दारापर्यंत पोहोचवावयाचे आणि पुढच्या असामीसाठी परत फिरावयाचे, यात त्यांची चाल इतरांच्या दुप्पट होते. संध्याकाळी सातला जेवण, कारण मुलगा-सून दहाला येतात आणि तोवर भूक थांबत नाही. नवाला झोप, कारण घरात त्या वेळी ऐकून घेणारे कुणी नसते. आणि उरलेली कामगिरी बेंगळूरची हवा बिनतक्रार पार पाडते, जिचे श्रेय ते दरमहा स्वतःच्या नावे जमा करतात.

पावसाळ्यात बाग चिखलाची झाली, की कचेरी इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळावर हलते. तेथे दिवसपाळीचा पहारेकरी खुर्चीवर एकटाच असतो, म्हणजे आयताच सापडतो. पाणी किती पितोस, पाठ ताठ का नाही, तळपायाला तेल लावतोस का, या जबान्या महिनाभर झाल्यावर त्या बिचाऱ्याने रदबदली करून रात्रपाळी मागून घेतली. मामलेदारांना हे कळले, तेव्हा ते खरोखर अस्वस्थ झाले. जागरणाने कांती पार उतरते, हे त्याला कुणीतरी वेळीच सांगावयास हवे, म्हणून आता ते नवाची झोप पुढे ढकलून रात्री साडेदहालाही खाली उतरतात.