गॅस आहे, दुसरं काही नाही

आमच्या डॉक्टरांना एक वाईट खोड आहे. ते खरं बोलतात. छातीत कळ आली म्हणून मी घामाघूम होऊन जावं, मृत्युपत्राचा पहिला परिच्छेद मनातल्या मनात जुळवत त्यांच्यापुढे बसावं, आणि यांनी नळी कानातून काढत म्हणावं, "गॅस आहे. रात्री जरा कमी जेवा." तेही बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. माणसाला काही अब्रू असते की नाही?

औषधाच्या बाटलीसोबत येणारा घडीचा कागद असा कधीच वागत नाही. तो उलगडावा आणि वाचत जावं: जुनाट अपचन, वायुगोळा, मस्तकशूळ, हातापायांची आग, विनाकारण उदासी, कामात लक्ष न लागणे. कामात लक्ष न लागणे! कचेरीत साहेब ज्याला कामचुकारपणा म्हणत आले, तो चक्क आजार निघाला, आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ दोन चमचे हा इलाजही निघाला. हा कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवणार होतो. "अहो, ठेवा की. म्हणजे घरीच बसाल," असं हिनं सांगितल्यामुळे बेत रहित केला.

आता कबूल करायला हरकत नाही की मला औषध घेण्यापेक्षा आजारी म्हणवून घेण्याची हौस जास्त आहे. साधी शिंक आली तरी ती खानदानी असावी असं वाटतं. आणि शिंकेला खानदानीपण देणारी एकच बाटली आमच्या घरात होती: जिंदा तिलिस्मात.

तिच्याबद्दल थोडं विस्तारानं बोललंच पाहिजे. सप्टेंबर 1948पर्यंत आमचं जालना निजामाच्या राज्यात. मुंबई-पुण्याकडच्या फडताळात अमृतांजनाची पिवळी बाटली, तर आमच्याकडे ही लाल तेलाची. 1920 साली हैदराबादेत हकीम मोहम्मद मोईझुद्दीन फारुकी यांनी ती काढली. वेष्टनावर एक काळाकभिन्न हबशी पहिलवान उभा. त्याच्याकडे पाहूनच निम्मा खोकला पळायचा. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे 1900 पासून जालन्यावरून जाते, त्यामुळे घरातला कोणीही हैदराबादला निघाला की बांगड्या आणि तिलिस्मात आणण्याची ताकीद मिळे. पोट दुखलं, दोन थेंब गरम पाण्यात. सर्दी झाली, दोन थेंब चहात. डोकं दुखलं, कपाळाला. पाहुणे हलेनात, तर त्यांना हुंगायला. आमच्या आजीनं फक्त नापास झालेल्या नातवाला ते लावून पाहिलं नव्हतं.

त्यात असतं काय? निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि लाल रंगासाठी रतनजोत. यातल्या तीन वस्तूंची गंमत तुम्ही स्वतः करून पाहा. कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल, तिन्ही पांढरे, कोरडे खडे. एका कोरड्या काचेच्या बाटलीत घालून बूच लावा आणि हलवत बसा. पाण्याचा थेंब नाही, चूल नाही, तरी खडे कडेनं घामेजतात, मग एकमेकांना चिकटतात आणि थोड्या वेळात बाटलीत नुसतं पाणी डुचमळत राहतं. तिन्ही एकत्र आले की त्यांचा वितळण्याचा बिंदू इतका खाली उतरतो की घरातली ऊबच पुरते. आजी ते करायची तेव्हा आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. विज्ञानाचे मास्तर पुढे प्रयोगशाळेत काहीही करून दाखवू देत, त्याची सर आली नाही. याच मिश्रणाला लाहोरच्या पंडित ठाकुर दत्त शर्मांनी अमृतधारा म्हणून हिंदुस्थानभर नेलं. म्हणजे लाहोरचे पंडित आणि हैदराबादचे हकीम, दोघांच्या बाटलीत खडे तेच. भांडणारे बाहेर भांडोत, चोंदलेली नाकं सगळ्यांची एकाच वासानं मोकळी होत होती. अमृतांजनातही कापूर आहेच. ते 1893 साली मुंबईत काढलं काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी, आणि त्यांनीच पुढे 'आंध्र पत्रिका' हे वर्तमानपत्रही काढलं. म्हणजे तेव्हा डोकेदुखीतून वर्तमानपत्र निघत होतं. हल्ली उलट आहे.

असो. वाहवत गेलो. माझं खरं दुखणं डोक्याच्या आत नव्हतंच, वर होतं. केस. राजूरच्या गणपतीला अंगारकीला गेलो की मंडळी दर्शनाच्या रांगेत आणि मी जडीबुटीवाल्याच्या चादरीसमोर. त्याच्या मागच्या फलकावर एकाच माणसाचे दोन फोटो: आधी टक्कल, नंतर जंगल. दोन्ही फोटोंतले कान वेगवेगळ्या माणसांचे आहेत हे मला दिसत होतं. पण टकलाच्या माणसाला कान बघायची इच्छा नसते.

पुढे कायदा वाचला तेव्हा बरं वाटलं. अशा जाहिरातींसाठी 1954 सालचा खास कायदा आहे, आणि जी दुखणी बरी करतो असं जाहीर करायला मनाई आहे, त्यांची 54 नोंदींची यादी त्याला जोडली आहे. त्यात देवी आणि क्षय यांच्या दरम्यान माणसाची उंची बसलेली आहे. टक्कल या यादीत नाही, पण औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये आहे. सरकारदरबारी माझ्या टकलाची नोंद झाली आहे, असं मी हिला मोठ्या ऐटीत सांगितलं. "मग पेन्शन मिळतं का विचारा," ती म्हणाली.

इथवर सगळी मौज. पण मागे दसऱ्याच्या सुमाराला मेडिकलवर दोन तेलांच्या बाटल्या हातात घेऊन मी घोळ घालत उभा होतो, आणि शेजारी घनसावंगीकडची एक बाई आली. पदराची गाठ सोडत म्हणाली, "भाऊ, कंबरंच्या गोळ्या द्या. दोघायच्या. उद्या टोळी निघायचीय." त्या माणसानं कात्रीनं पट्टी कापली. गोळीचं नाव दुसऱ्या तुकड्यावर राहिलं. बाईनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. जाता जाता तीच म्हणाली, "यात्रंतली पुडी बरी व्हती. तासात उठून बसायचे मालक."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आडवा पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीच्या हिशेबात कापले जातात. तिला आजारी म्हणायला कोणी तयार नाही. डॉक्टर नाही, मुकादम नाही, घडीचा कागदही नाही. तिला फक्त उभं राहायचं आहे. माझ्यासारख्यांच्या हौसेवर चालणारा हा धंदा तिच्या अगतिकतेवर कितीतरी जास्त चालतो, आणि याचा मला संताप येतो. केसांच्या तेलानं फार तर उशीचा अभ्रा खराब होतो. पण सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत तपासणीअंती स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणं वारंवार झाली आहेत. म्हणून इतक्या लवकर गुण येतो. मग तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि लोक म्हणतात पुडीनं तब्येत धरली.

तेव्हा तुमच्या घरी, शेतावर, टोळीत कोणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल, तर ती ओढून फेकून देऊ नका. पुडीसकट त्या माणसाला सरकारी दवाखान्यात न्या आणि काय चालू आहे ते सांगा. अंगात मुरलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं, तर त्यानंही जीव जाऊ शकतो.