लाइन हाय, पानी नाही

मोर्शीकडच्या संत्राबागायतदाराची झोप कधी पुरी होत नाही. कृषिपंपाची थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं येते. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. आमची विहीर नाल्यापल्याड. मधे गारठा आणि रानडुकरं. रात्रपाळीच्या आठवड्यात "मोटर चालू हाय का गा?" असा आवाज आला की घरातले सगळे गाढ झोपतात आणि धाकट्याला उठावं लागतं.

काकाजींनी तोडगा काढला. विहिरीजवळच्या कडुनिंबावर बांबू बांधून टोकाला दोन बल्ब सिरीजमध्ये टांगले. दोन अशासाठी, की दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. २३० चा एकटा बल्ब फटकन उडतो. दोघं मिळून भार सोसतात आणि एकत्र कुटुंबासारखे जरा मिणमिणतात. गच्चीवरून तो उजेड दिसला की काकाजी डोक्यावरून पांघरूण घेत.

आम्हाला दिसे तसा तो गावालाही दिसे. लाइन आली की नाही, हे अख्खं गाव आमच्या झाडाकडं पाहून ठरवू लागलं. आली नाही, की जाब काकाजींना!

एका रात्री तिसरा फेज गेला. बल्ब उरलेल्या दोन फेजवर, त्यामुळे ते वर ऐटीत जळत राहिले आणि ऑटोवर टाकलेली मोटर खाली नुसती गुंगुं करत तापली. ओव्हरलोड रिलेनं ती पाडायला हवी होती. पण 'सारखा पडते' म्हणून तो कधीचाच डायरेक्ट केलेला. सकाळी रिवाइंडिंगवाला हसतमुखानं आला.

मग पॉलिटेक्निकमधला भाचा पुढं झाला. मोटरीच्या तिन्ही तारा त्यानं बारीक तारेचे वेढे असलेल्या एकेका रिंगमधून ओवल्या. तिन्हींतून करंट वाहिला तरच रिले ओढणार आणि दिवा लागणार. झकास जमलं. पण अतिउपशानं इथलं भूजल खोल गेलेलं. उन्हाळ्यात विहीर आटली, मोटर कोरडीच फिरली, करंट थोडा उतरला, दिवा मात्र लागलेलाच.

काकाजी कडाडले, "मले करंट नोको दाखवू, पानी दाखव!"

तेव्हा पाइपाच्या तोंडाशी बिजागरीवर पत्र्याची झडप बसली. पाण्याच्या धारेनं ती उचलली की मागचा स्विच दाबला जातो.

माझा साळा अकोल्याकडचा, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातला. सगळं बघून म्हणाला, "भाऊजी, आमच्या इकडं पानीच खारं. ते आल्याचा दिवा लावून मी कोनाले दाखवू?"

त्याला उत्तर नाही. गोडं पाणी असलेल्यांनी मात्र दिवा लाइनीवर लावू नये, धारेवर लावावा. आणि त्याआधी तो ओव्हरलोड रिले परत जोडून घ्यावा.