गुंग हो आप्पा

नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारींच्या कडेने पहाटे चाळीस-पन्नास पोरं ठसकत पळताना दिसली, की मागून मोटरसायकलवर फौजी आप्पा येत आहेत असं खुशाल समजावं. ठसका लागून थांबणाऱ्याला ते दटावतात, "अश्रुधुराचं ट्रेनिंग फुकट मिळतंय, घे!"

हवालदार म्हणून निवृत्त झालेला असा माणूस भरतीच्या प्रत्येक अकादमीत असतो. आमच्या आप्पांचं वेगळेपण एवढंच, की त्यांची निम्मी नोकरी अरुणाचलात चिन्यांवर दुर्बीण रोखण्यात गेली आणि फावल्या वेळात युनिटच्या वाचनालयात त्यांना कार्लसन सापडला.

इव्हान्स कार्लसन हा अमेरिकेचा मरीन अधिकारी. १९३७-३८ मध्ये तो चीनमध्ये कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीबरोबर डोंगर तुडवत हिंडला. तिथले साहेब आणि शिपाई एकच अन्न खातात, लढाईचा बेत शिपायालाही सांगतात, हे पाहून तो चाटच पडला. १९४२ मध्ये त्याच्या हाती मरीन रेडरची बटालियन आली आणि त्याने हा चिनी मसाला थेट अमेरिकन रश्श्यात टाकला. साहेबांचे लाड बंद, सगळ्यांनी बसून बोलायच्या सभा सुरू, तीन-तीन जणांच्या टोळ्या, आणि घोषणा 'गुंग हो'. (इथे आप्पा हटकून डॉक्टर कोटणीसांना आणतात. सोलापूरचा डॉक्टर त्याच फौजेत होता हे खरं. दोघांनी शेकोटीशी बसून चहा घेतला, हे मात्र आप्पांचं. कोटणीस तिथे १९३९ मध्ये पोचले, तोवर कार्लसन केव्हाच परतला होता.)

'गुंग हो' म्हणजे एकजुटीने काम करा, असं आप्पा सांगतात. गुंग तर ही पोरं मोबाईलमध्ये असतातच, म्हणून मी जरा खोलात गेलो. निघालं असं, की ते दोन शब्द चीनमधल्या औद्योगिक सहकारी संस्थांच्या लांबलचक नावाचं लघुरूप. म्हणजे अमेरिकन जवान जपान्यांवर तुटून पडताना जे ओरडत, ते आपल्याकडे साधारण 'विकास सोसायटी!' असं झालं असतं. जिथे खत, कर्ज आणि भांडण तिन्ही सोसायटीतच मिळतं, तिथे हे ऐकून कुणाचं रक्त सळसळणार? तसं मी बोललो, तर आप्पांनी आठ दिवस अबोला धरला.

पोरांना अर्थाचं काही पडलेलं नाही. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं होतं, "सर, हाऊ गंगू कोन शे?" तेव्हापासून मैदानावर 'गंगू हो' चालतं.

आप्पांच्या टोळीत एक शहाद्याचा, एक नवापूरचा, एक धडगावचा. धडगावचा सातपुड्यात चढ-उतार करून वाढलेला, वाऱ्यासारखा सुटतो. पण तिघांनी बरोबरच पोचायचं, म्हणून उसाच्या मळ्यातून आलेल्या शहादेकरासाठी खोळंबतो. जेवण सगळ्यांना सारखं, कळण्याची भाकर आणि ठेचा. आप्पांच्या ताटात तेवढं तूप असतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. दर शनिवारी सभा. कुणीही कुणावरही टीका करावी, सरांवरसुद्धा. आजवर सरांवर एकच टीका झाली आहे, की ते फार कमी पळवतात. टीकाकाराचं बाकीच्यांनी पुढे काय केलं, ते इतिवृत्तात नाही.

मग पोलीस भरती आली. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. सगळे मिळून ५० गुण. पायाला चिप बांधलेली, आणि चिपला सहकार कळत नाही. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत धडगावचा सगळ्यांच्या पुढे होता. एकाएकी त्याने वेग कमी केला आणि मागे वळून आपल्या दोघांना शोधू लागला. कुंपणाबाहेर आप्पा उभे होते. इतक्या वर्षांचा कार्लसन त्या एका क्षणात गळून पडला.

"अरे पळ ना गाढवा! मरू दे त्यांना!"

शनिवारच्या सभेला विषय एकच होता. मरू दिलेले दोघे पुढच्याच रांगेत बसले होते. आप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, पन्नासच्या पन्नास हजर होते, आणि गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्याचं जाहीर करून ते मोटरसायकलकडे निघाले.

"सर," शहाद्याचा बसल्या जागेवरून म्हणाला. त्याचे वडील सोसायटीत संचालक. "तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होते. तिला कोरम लागत नाही."

कुणी उठलं नाही. आप्पांनी स्टॉपवॉच काढलं, बघितलं आणि मोटरसायकल पुन्हा स्टँडला लावली.